लघुरेल्वे नियंत्रणप्रणाली आरंभीच बंद पडणे : जेएमआरआयच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
मांडवगण फराटा परिसरातील विद्यार्थ्यास रेल्वेचा परिचय प्रामुख्याने दौंड जंक्शनमुळे होतो. मनमाड, सोलापूर व बारामतीकडे फुटणारे मार्ग, सांधे आणि सिग्नल यांचा परस्परसंबंध वर्गात दाखविण्यास लघुरेल्वेइतके बोलके साधन क्वचितच सापडेल. कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी १९९८ साली सुरू केलेले लघुरेल्वे संग्रहालय हे या छंदाचे पुण्यातील सुपरिचित उदाहरण होय.

अशी प्रतिकृती संगणकावरून चालविण्यासाठी जेएमआरआय ही जावा भाषेतील मुक्त-स्रोत प्रणाली वापरली जाते. ती सुरूच न झाल्यास बहुतेकजण ती काढून पुन्हा बसवितात. परंतु वापरकर्त्याच्या नोंदी प्रणालीपासून स्वतंत्र फोल्डरमध्ये असल्याने दोष तसाच राहतो. मग वैतागून तो फोल्डरच पुसला जातो व त्याबरोबर इंजिनांची यादी आणि अनेक महिने खपून तयार केलेले नियंत्रणफलकही नाहीसे होतात. म्हणून प्रथम त्या फोल्डरची प्रत काढून ठेवावी. उर्वरित सर्व उपाय त्यानंतरचे.

दोषाचे स्थान :
आरंभाचे टप्पे क्रमाने घडतात. प्रथम जावा शोधली जाते, नंतर प्रोफाइल वाचले जाते, त्यानंतर कमांड स्टेशनशी जोडणी होते आणि शेवटी ठरवून दिलेल्या फाईली उघडतात. खिडकीच दिसत नसेल तर संशय पहिल्या टप्प्यावर घ्यावा. जेएमआरआयच्या चौथ्या मालिकेस जावा ८ पुरेशी होती. पाचव्या मालिकेस किमान जावा ११ लागते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील जुन्या संगणकांवर ही अडचण संभवते.

सर्वाधिक घोटाळा मात्र जोडणीच्या टप्प्यावर होतो. यूएसबी तार एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत घातली की विंडोज पोर्टला नवा क्रमांक देऊ शकते. प्रणाली मात्र जुन्याच क्रमांकाची वाट पाहते. दुसऱ्या प्रोग्रॅमने पोर्ट अडवून धरले असल्यासही परिणाम तोच होतो. लिनक्सवर वापरकर्ता 'डायलआउट' गटात नसेल तर परवानगी नाकारली जाते. आर्डुइनोवर आधारित स्वस्त कमांड स्टेशन वापरणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच-३४० ही चिप असते व तिचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागू शकतो. तसेच, पोर्ट उघडताच उनो व मेगा हे बोर्ड स्वतःहून रीसेट होतात. त्या एक-दोन सेकंदांत पाठविलेला संदेश वाया जातो.

तर्कापेक्षा प्रयोग बरा. नवे प्रोफाइल तयार करून त्यात प्रत्यक्ष यंत्राऐवजी 'सिम्युलेटर' ही जोडणी निवडावी. प्रणाली सुरू झाली तर जावा व मूळ प्रणाली निर्दोष आहेत आणि दोष तार, पोर्ट किंवा जुन्या प्रोफाइलमध्ये आहे, हे ठरते. 'लॉग' फोल्डरमधील सेशन डॉट लॉग ही फाईल दर वेळी नव्याने लिहिली जाते. सबब बिघाड होताच, पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी, ती वाचावी. त्यातील शेवटच्या ओळीपेक्षा पहिली त्रुटी महत्त्वाची. पुढच्या अनेक त्रुटी तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात.

या प्रणालीचे प्रवर्तक बॉब जेकबसन हे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्या खटल्यात अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने ऑगस्ट २००८ मध्ये मुक्त-स्रोत परवान्याच्या अटी स्वामित्वहक्क कायद्याखाली अंमलात आणता येतात, असा निर्णय दिला. विधी शाखेच्या अध्यापकांना रेल्वेच्या खेळण्यातून निघालेला हा दाखला उपयोगी पडावा.

फलकांची फाईल :
जोडणी होऊनही आरंभ अडखळत असेल तर आपोआप उघडणाऱ्या फाईली आरंभसूचीतून तात्पुरत्या काढाव्यात व एकेक करून हाताने उघडाव्यात. जोडणीचा प्रकार बदलला की सांध्यांच्या व संवेदकांच्या नावांतील आद्याक्षर बदलते. जुन्या फाईलमधील नावे मग कोणत्याच जोडणीशी जुळत नाहीत. अशा वेळी फाईल बिघडलेली नसते. जोडणीस जुने आद्याक्षर परत दिले, की बहुधा तीच फाईल पूर्ववत उघडते.