चार मिनिटं पुढे

आमच्या प्रोजेक्टमधल्या एका नोंदीनं आम्हाला दोन रात्री छळलं. लॅबमधल्या तीन जुन्या पीसींवर आम्ही कॅसँड्रा बसवलं होतं, प्रत्येक नोंदीची प्रत तिन्ही मशीनवर. पार्टनरनं पहिल्या मशीनवरून एक आकडा टाकला, मिनिटभरानं मी दुसऱ्यावरून तो दुरुस्त केला. एरर काही नाही, पण वाचायला गेलं की जुनाच आकडा! सबमिशन आठवड्यावर आलेलं. सगळा कोड उसवून झाला, एकमेकांवर चिडूनही झालं.

शेवटी वैतागून तिन्ही मशीनवर 'डेट' ही कमांड दिली. पहिलं मशीन चार मिनिटं पुढे!

कॅसँड्रात एकाच गोष्टीच्या दोन नोंदी भिडल्या की जिच्यावर नंतरची वेळ, ती जिंकते. आमच्याकडे वेळेचा हा शिक्का ज्या त्या मशीनच्या घड्याळाचा होता. त्यामुळे पार्टनरची १०:०० ची नोंद १०:०४ ची ठरली आणि माझी १०:०१ ची दुरुस्ती 'शिळी' म्हणून मुकाट्यानं मागे पडली. क्वार्ट्झ स्फटिक दहा लाखांत फक्त २० भागांनी चुकला तरी दिवसाला १.७ सेकंदांचा फरक पडतो; आमची घड्याळं तर कित्येक महिने कुणी जुळवलीच नव्हती.

यावरचा उपाय जुनाच आहे. डेव्हिड मिल्स यांचा एनटीपी १९८५ पासून आहे. मशीन सर्व्हरला वेळ विचारतं आणि चार वेळा टिपल्या जातात: प्रश्न निघाला, पोचला, उत्तर निघालं, पोचलं. जायला-यायला सारखाच वेळ लागतो असं धरून घड्याळांतला फरक काढतात. (जाताना ट्रॅफिक आणि येताना रिकामा रस्ता असेल, तर हिशोब चुकलाच!) गूगलच्या स्पॅनरमध्ये जीपीएस आणि अणुघड्याळं असूनही वेळ 'या क्षणापासून त्या क्षणापर्यंत' अशीच सांगितली जाते, आणि तेवढी अनिश्चितता सरेपर्यंत व्यवहार थांबतो.

आमच्याकडे बाहेरचा एनटीपी फायरवॉलनं अडवलेला. मग एका मशीनवर क्रोनी बसवून बाकीची दोन त्याच्यामागे लावली. खऱ्या वेळेशी सेकंदभर चुकलं तरी आमचं भागत होतं, फक्त तिघांनी एकच चूक करायला हवी.

पहिल्याचं घड्याळ मात्र आम्ही घाईत थेट मागे ओढलं. क्रोनी एरवी ते हळूहळू सरकवतं, ते का हे लगेच कळलं. भविष्यातले शिक्के लागलेल्या नोंदी आता खुद्द त्याच मशीनच्या नव्या नोंदींनाही हरवत होत्या. चार मिनिटं कँटीनमध्ये काढली, परत येऊन आकडा पुन्हा दुरुस्त केला. या वेळी टिकला.