नवोदय शाळेत कुणाची मुले शिकतात?

दर वर्षी उन्हाळ्याच्या सुमारास गावात एखादी बातमी येते. अमक्याच्या पोराचा नवोदयला नंबर लागला म्हणे! मग पारावर तोच विषय. कुणी म्हणतो, "पोरगं हुशारच हाय." कुणी म्हणतो, "तिथं वशिला लागतो बाबा." मंडळी, वशिला लागत नाही. मग काय लागते, ते आज पाहू.

नवोदय ही सरकारी शाळा आहे. केंद्र सरकार ती चालवते. खेड्यातले मूल हुशार असेल, तर बाप गरीब आहे म्हणून ते मागे पडू नये, असा विचार १९८६ सालच्या शैक्षणिक धोरणात होता. पहिल्या दोन शाळा प्रयोग म्हणून निघाल्या. एक हरियानात झज्जरला, दुसरी आपल्या अमरावतीला. पुढे जिल्ह्याजिल्ह्याला शाळा झाल्या. सातारा जिल्ह्याची खावलीला आहे आणि सांगली जिल्ह्याची पलूसला. सहावी ते बारावीपर्यंत मुले तिथेच राहतात. राहणे, जेवण, कपडे, पुस्तके यांचा खर्च सरकार करते. नववीपासून काही घरांना महिन्याची थोडी रक्कम भरावी लागते. मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांना ती माफ आहे.

आता वर्गात बसतो कोण ते बघा. एका शाळेत सहावीला बहुतेक ठिकाणी ८० जागा असतात. त्यातल्या शेकडा ७५ जागा खेड्यातल्या मुलांना. शेकडा ७५ म्हणजे शंभरातले पंचाहत्तर. ८० जागांत ते ६० होतात. एक तृतीयांश जागा मुलींच्या, म्हणजे ८० जणांत सव्वीस-सत्तावीस मुली हव्यातच. अनुसूचित जातींना शेकडा १५ आणि जमातींना साडेसात, यापेक्षा कमी जागा देता येत नाहीत. जिल्ह्यात त्यांची वस्ती जास्त असेल तर जागाही वाढतात. २०२१ सालापासून इतर मागासवर्गीयांनाही शेकडा २७ जागा आहेत.

खेड्यातले मूल कोणते, याचाही नियम आहे आणि तो कडक आहे. तिसरी, चौथी आणि पाचवी, तिन्ही वर्ष मूल खेड्यातल्याच शाळेत शिकलेले पाहिजे. मध्ये एक दिवस जरी शहरातल्या शाळेच्या पटावर नाव गेले, तरी ते मूल शहरातले धरतात. मामाकडे कराडला किंवा मिरजेला चौथीपुरते पोर ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पण आम्हाला इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. गावातल्या गुरुजींचा मुलगा खेड्यातला आणि माणमधल्या मेंढपाळाचा मुलगाही खेड्यातला. नियमाच्या वहीत दोघे सारखे. गुरुजी संध्याकाळी पोराला घेऊन बसतात, तालुक्याच्या गावी पैसे भरून शिकवणीही लावतात. मेंढपाळाचा पोरगा बापामागे रानोमाळ हिंडतो. ६० जागा खेड्यांना गेल्या, हे आकडा सांगतो. त्या खेड्यातल्या कोणत्या घरांत गेल्या, हे तो सांगत नाही.

परीक्षा पाचवीत असताना होते. वेळ दोन तास, प्रश्न ८०, गुण १००. निम्मे गुण बुद्धीच्या प्रश्नांना. त्यात आकृत्या असतात, वाचायचे फारसे नसते. पाव गुण गणिताला आणि पाव भाषेला. पेपर मराठीतून देता येतो. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, नापास झाला म्हणून पुढच्या साली पुन्हा बसता येत नाही.

निकाल कसा लागतो? २०२४ साली देशभरातल्या नवोदयची दहावी शेकडा ९९ लागली. त्याच बोर्डाच्या सगळ्या शाळा मिळून शेकडा ९३ ते ९४. आकडा चांगलाच आहे. तिथले शिक्षक राबतात, मुले पहाटे उठतात, हेही खरे. पण काळ्या रानात निवडून आणलेले बेणे लावले आणि ऊस चांगला आला, तर सगळे श्रेय रानाला देता येईल का? आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत निवड नव्हती. येईल ते पोर आमचे. म्हणून दोन शाळांचे निकाल शेजारी ठेवताना आधी विचारावे, मुले आत कशी आली?

आपल्या भागाला हा विचार नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची मुले तिथे एका पंगतीला जेवत. खर्च भागेना तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. फरक इतकाच की भाऊराव स्वतः वाड्यावस्त्यांवर हिंडून मुले गोळा करीत. नवोदयला मुलाने स्वतः फॉर्म भरून जावे लागते.

आणि फॉर्मपाशीच पुष्कळ पोरे अडतात. आमच्याच हातून असे झाले आहे. पाचवीत एक मुलगी होती. आकृत्यांचे कोडे घातले की आमच्या आधी सोडवायची. फॉर्मवर आईबापाची सही लागते. ते दोघे दूर मजुरीला गेले होते, घरी एकटी आजी. आम्ही म्हटले, चार दिवसांत येतील. ते आले पंधरा दिवसांनी. तारीख गेली होती. चौकशी केली असती, माणूस पाठवून सही आणली असती, तर काम झाले असते. ते आम्ही केले नाही.

दोन वर्षांनी तिचा धाकटा भाऊ पाचवीत आला. पावसाळ्यात फॉर्म निघाले. पहिल्याच आठवड्यात तिची आजी शाळेच्या दारात उभी. हातात नातवाच्या जन्माचा दाखला, आणि सोबत मुलगा आणि सून. "गुर्जी," ती म्हणाली, "या बारीला दोघास्नी घिऊनच आलीय. कुठं सही करायची ती दावा."