रनिंग क्लब फक्त जोरात पळणाऱ्यांसाठी नसतो

महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत आणि तालुक्याच्या गावांत आता धावणाऱ्यांचे गट आहेत. रविवारी सकाळी रंगीत टी-शर्ट घातलेली वीस-पंचवीस माणसं बायपासच्या कडेने पळताना आपण पाहतो. त्यात डॉक्टर असतात, बँकेतले असतात, किराणा दुकानदार असतात, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं असतात. आपल्या मोहल्ल्यातले लोक मात्र त्यात थोडे, आणि बाया तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. विचारलं की उत्तरं ठरलेली: "ते मॅरेथॉनवाल्यांचं काम", "वय झालं आता", "लोक काय म्हणतील?"

दुसरीकडे घराघरांत काय दिसतं? चाळिशी गाठायच्या आत शुगरची गोळी सुरू होते. अम्मीचे गुडघे जिना चढताना दुखतात. मुलगी आठवीत गेली की तिचं ग्राउंडवर जाणं बंद होतं, हे तर आम्ही शिक्षक दरवर्षी डोळ्यांनी पाहतो. आम्ही काही शिक्षक आणि पालक गावातल्या अशाच एका गटासोबत काही वर्षांपासून धावतो. तिथे आत नेमकं काय चालतं आणि शर्यतीत काय होतं हे माहीत नसल्यामुळेच बरेच लोक लांब राहतात, असं आमच्या लक्षात आलं. म्हणून हा लेख.

क्लब चालतो कसा?

बहुतेक ठिकाणी क्लब म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप, एक ठरलेली जागा आणि एक ठरलेली वेळ. ऑफिस नसतं, गेट नसतं. आदल्या रात्री मेसेज येतो: उद्या सहा वाजता, शाळेच्या ग्राउंडवर, पाच किलोमीटर. जे येतील ते येतील.

सुरुवातीला दहा मिनिटं वॉर्मअप. मग वेगाप्रमाणे तीन-चार तुकड्या होतात. सर्वात पुढे जोरात धावणारी पोरं, मागे मधले, त्यांच्या मागे हळू पळणारे, आणि शेवटी चालणारे. प्रत्येक तुकडीत एखादा जुना माणूस असतो, तो नव्यांवर लक्ष ठेवतो. संपल्यावर स्ट्रेचिंग, मग केळी, चहा आणि गप्पा. खरं सांगायचं तर अर्धे लोक या चहासाठीच येतात.

आठवड्याचा साधारण हिशोब असा असतो: दोन दिवस सावकाश धावणं, एक दिवस थोडं जोरात किंवा चढावर, रविवारी लांब पल्ला. बाकीचे दिवस आराम किंवा हलका व्यायाम. आरामाचा दिवस हा आळस समजू नये. स्नायू धावताना थकतात आणि विश्रांतीत मजबूत होतात. रोज जोर लावणारा माणूस महिन्याभरात पोटरी किंवा टाच धरून बसतो.

वेगाचा हिशोब

धावणारे लोक वेग ताशी किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. एक किलोमीटरला किती मिनिटं लागली ते सांगतात, त्याला 'पेस' म्हणतात. आठच्या पेसने धावणाऱ्याला ५ किलोमीटरला ४० मिनिटं लागतात. तोच माणूस पेस टिकवू शकला तर हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.१ किलोमीटर, सुमारे २ तास ४९ मिनिटांत पूर्ण करतो. आठचा पेस म्हणजे भरभर चालण्यापेक्षा थोडाच जास्त. हा हिशोब आम्ही फळ्यावर मांडून दाखवला तेव्हा पालक चकित झाले. "इतकं हळू पळालं तरी चालतं?" चालतं.

नवख्या माणसासाठी घड्याळापेक्षा सोपी कसोटी आहे: धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दर दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर वेग कमी करावा. क्लबमध्ये धावण्याचा मोठा फायदा हाच. एकटा माणूस पहिल्या दिवशी जीव खाऊन पळतो आणि तिसऱ्या दिवशी येत नाही. गप्पा मारत पळणारा आपोआप योग्य वेगात राहतो.

शेवटी येणाऱ्याचं काय?

शाळेतल्या शर्यतीत तिघांना बक्षीस मिळतं आणि बाकीचे हरले असं आपण लहानपणापासून शिकलेलो असतो. ही भीती मोठेपणीही जात नाही. ती घालवण्याचा एक चांगला नमुना इंग्लंडमध्ये पाहायला मिळतो. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जण ५ किलोमीटर धावायला जमले. त्यातून 'पार्करन' नावाची चळवळ उभी राहिली आणि आज ती वीसपेक्षा जास्त देशांत चालते. दर शनिवारी सकाळी, फुकट, आणि सगळं काम स्वयंसेवकांचं. त्यांचा एक नियम आम्हाला फार आवडला. एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालतो, जेणेकरून आलेल्यांपैकी कुणीच शेवटचा ठरू नये.

आपल्याकडच्या चांगल्या गटांतही हीच रीत आहे, फक्त तिला नाव नाही. शेवटचा माणूस येईपर्यंत चहा सुरू होत नाही. तो आला की सगळे टाळ्या वाजवतात. मागे राहिलेल्याला घ्यायला पुढचा कुणीतरी उलटा पळत जातो.

शर्यतीचा दिवस

क्लबचे लोक वर्षातून एक-दोन शर्यतींना एकत्र जातात. जीप ठरते, डबे बांधले जातात, अगदी वऱ्हाडासारखं. शर्यती साधारण ५, १०, २१.१ आणि ४२.१९५ किलोमीटरच्या असतात. मॅरेथॉन फक्त शेवटच्या अंतराला म्हणतात. हा विचित्र आकडा १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमधून आला आणि १९२१ मध्ये कायमचा ठरला.

नाव नोंदवलं की आदल्या दिवशी छातीवर लावायचा नंबर मिळतो, त्याला 'बिब' म्हणतात. त्यात बहुधा एक छोटी चिप असते. सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेषेवर मॅट अंथरलेल्या असतात. आपण त्यावरून गेलो की वेळ नोंदली जाते. त्यामुळे गर्दीत मागे उभं राहिलं तरी नुकसान नाही, आपलं घड्याळ आपण रेषा ओलांडल्यावरच सुरू होतं. वाटेत पाणी, मीठ-साखरेचं पेय, संत्र्याच्या फोडी असतात. पाठीवर वेळ लिहिलेला झेंडा घेऊन धावणारे 'पेसर' असतात. अमुक वेळेत पोहोचायचं असेल तर त्यांच्या मागे राहायचं. हाफ मॅरेथॉन पूर्ण करायला बऱ्याच ठिकाणी तीन ते साडेतीन तास देतात.

नवख्या लोकांची एक खोड सगळीकडे सारखी. ढोल वाजतात, गर्दी ओरडते आणि माणूस पहिले दोन किलोमीटर भरधाव जातो. त्याची किंमत शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये मोजावी लागते. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये हे लगेच कळतं. २१ किलोमीटरची ही शर्यत २०१२ पासून होते. आधी यवतेश्वरचा घाट चढायचा, मग तोच उतरायचा. चढावर जो छोटी पावलं टाकतो आणि गरज पडल्यास चालतो, तोच उतारावर हसत येतो. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि साधारणपणे जानेवारीत होते. तिथे पेडर रोडचा चढ पूर्ण मॅरेथॉनवाल्यांना अगदी शेवटी, पाय संपलेले असताना लागतो. तरी तिथेच कडेला उभे असलेले अनोळखी लोक चिक्की आणि केळी हातात देतात.

शर्यत खरी कुणाशी असते? पुढचे मोजके धावपटू सोडले तर प्रत्येकाची आपल्याच मागच्या वेळेशी. गेल्या वर्षी ४६ मिनिटं लागली, यंदा ४४. एवढ्या दोन मिनिटांसाठी माणसं सहा महिने पहाटे उठतात. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हे मुद्दाम दाखवतो, कारण शेजारच्या मुलाच्या टक्क्यांशी तुलना करून घरात जे वातावरण तयार होतं, त्यावर हे चांगलं औषध आहे.

फजर, रोजा आणि धावणं

लवकर उठण्याची सवय आपल्याकडे आधीच आहे. फजरनंतर पुन्हा झोपण्याऐवजी बूट घातले की निम्मं काम झालं. मोठ्या शर्यती मात्र अंधारातच सुटतात. जानेवारीत मुंबईत फजरची वेळ सहाच्या सुमारास सुरू होते आणि सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. म्हणजे लांब पल्ला धावणाऱ्याची फजर वाटेतच येते. ओळखीचे धावणारे कमरेच्या पट्ट्यात पातळ चादरीचा तुकडा ठेवतात, बाटलीच्या पाण्याने वुजू करतात आणि कडेला नमाज अदा करून पुढे निघतात. पाच-सात मिनिटं जातात, चिपचं घड्याळ थांबत नाही. त्याचं कुणाला दुःख नसतं. आमच्या गटातले एक निवृत्त काका तर तेवढा वेळ बूट सांभाळत थांबतात. क्लबमध्ये लोक आधी पेस विचारतात, नाव नंतर.

रमजानमध्ये वेग आणि लांब पल्ला बाजूला ठेवावा. इफ्तारच्या आधी अर्धा तास चालणं किंवा तरावीहनंतर हलकं धावणं पुरे. शुगर किंवा बीपीची औषधं घेणाऱ्यांनी रोजात व्यायाम करण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. साखर अचानक उतरू शकते.

बाया आणि मुली

पैगंबर (स.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांच्यातली धावण्याची शर्यत आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. हदीसमध्ये आहे की पहिल्या वेळी आयेशा (रजि.) जिंकल्या, आणि पुढे एकदा पैगंबर (स.) जिंकले. तरी बहू धावायला जाते म्हटलं की घरात पहिला प्रश्न लोकांचाच निघतो.

एका विद्यार्थिनीच्या अम्मीला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. एकटीला बाहेर पडायची चोरी. सासूबाईंचं म्हणणं, "रस्त्यावर भागती क्या अब?" मग त्यांनी शेजारच्या दोघींना सोबत घेतलं. तिघी आधी फक्त ग्राउंडला फेऱ्या मारत. क्लबमधल्या एक काकू त्यांच्यासोबत चालू लागल्या. सैल कुर्ता, सलवार, पिन लावलेला स्कार्फ आणि चांगले बूट, एवढाच त्यांचा पोशाख. दहा महिन्यांनी त्या ५ किलोमीटर न थांबता धावल्या. तीन महिन्यांची सरासरी साखर कमी आली, गोळी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहे. आता सासूबाई गुरुवारी विचारतात, "इस इतवार को नहीं जाना क्या?"

मुलींसमोर उदाहरणांची कमतरता नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या फायनलपर्यंत पोहोचल्या. इथिओपियात जन्मलेली सिफान हसन किशोरवयात निर्वासित म्हणून नेदरलँड्सला गेली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिने मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकलं आणि पदक घेताना डोक्यावर हिजाब होता. पण सगळ्या मुलींनी ऑलिम्पिकला जावं असं आमचं म्हणणं नाही. आठवीनंतरही ग्राउंड त्यांचं राहावं, एवढंच आहे.

खर्च आणि काळजी

खर्च फक्त बुटांचा. दोन-अडीच हजारांचे साधे रनिंग शूज पुरतात. शक्यतो संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना मापाला जावं आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवावी. महागडं घड्याळ, जेलची पाकिटं, काळे चष्मे, यातलं काही लागत नाही. शर्यतीची फी परवडत नसेल तर शर्यत सोडावी, क्लब सोडू नये.

चाळिशीपुढच्या, किंवा बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असलेल्या माणसांनी आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. धावताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, असं काही झालं तर तिथेच थांबावं, सोबतच्याला सांगावं आणि थेट दवाखाना गाठावा. "थोडंसंच राहिलंय" म्हणून पुढे जाऊ नये.

सुरुवात कशी करावी?

आठवड्यातून तीन दिवस. पाच मिनिटं चालून झालं की एक मिनिट सावकाश धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. एकूण अर्धा तासही लागत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी धावण्याचा वेळ थोडा वाढवायचा आणि चालण्याचा कमी करायचा. अडीच-तीन महिन्यांत बरीच माणसं अर्धा तास सलग धावू लागतात. ज्यांना जास्त वेळ लागेल त्यांनी घ्यावा, परीक्षा कुणी घेत नाही.

गावात क्लब असेल तर रविवारी जाऊन नुसतं उभं राहिलं तरी कुणीतरी बोलावतं. नसेल तर क्लब करायला चार माणसं पुरतात. मशिदीतून फजरला एकत्र निघणारे चौघे, किंवा एका गल्लीतल्या चार बहिणी-भावजया. जागा ठरवा, वेळ ठरवा, आणि पहिल्या दिवसापासून एक नियम पाळा: शेवटची व्यक्ती आल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही.