मित्र जागा होत नसेल तेव्हा

अमेरिकेत १४ ते १८ वर्षांच्या मुलांचे अमली पदार्थांच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू २०१९ साली ४९२ होते. पुढच्याच वर्षी ते ९५४ झाले. नशा करणारी मुलं वाढली, असं कुणालाही वाटेल. पण मिशिगन विद्यापीठ १९७५पासून दरवर्षी विद्यार्थ्यांची जी पाहणी करतं, तिच्यात तसं काही दिसलं नाही. नशेचं प्रमाण आधी स्थिर राहिलं आणि २०२१मध्ये तर चांगलंच घटलं.

बदलला होता तो पदार्थ. वेदनाशामक किंवा चिंतेवरच्या औषधांसारख्या हुबेहूब दिसणाऱ्या नकली गोळ्या सोशल मीडियावरून मुलांच्या हाती पडत होत्या आणि त्यांत फेंटानिल होतं. बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी १९६०च्या सुमारास घडवलेलं हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी आजही वापरतात. ते मॉर्फिनच्या ५० ते १०० पट तीव्र असतं. दोन मिलिग्रॅम फेंटानिल, म्हणजे मिठाच्या मोजक्या कणांएवढं, माणसाचा जीव घेऊ शकतं. चोरून गोळ्या पाडताना मिश्रण सगळीकडे सारखं होत नाही. एकाच पुडीतली एक गोळी पचून जाते, दुसरी जीव घेते. रंग, वास, चव यांवरून काहीच कळत नाही.

या मुलांना शाळेत व्यसनाबद्दल काहीच शिकवलं नव्हतं असं नाही. १९८३मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ‘डेअर’ हा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गात येऊन नशेचे दुष्परिणाम सांगत, ‘नाही’ कसं म्हणायचं ते शिकवत. बघता बघता तो देशभर पसरला. त्याचा परिणाम मोजायला घेतला, तेव्हा मात्र निराशा झाली. सहावीत असताना व्यसनाबद्दलचे धडे घेतलेल्या सुमारे हजार मुलांना दहा वर्षांनी गाठून केलेला अभ्यास १९९९मध्ये प्रसिद्ध झाला. ‘डेअर’ शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांच्या नशेच्या प्रमाणात फरक दिसला नाही.

मग वर्गात शिकवायचं काय? अफू शरीरात नेमकं काय करते, इथून सुरुवात करता येते.

अफूच्या बोंडातल्या चिकापासून मॉर्फिन आणि कोडीन मिळतं, मॉर्फिनपासून हेरॉइन बनतं, तर फेंटानिल आणि ट्रामाडोल प्रयोगशाळेत तयार होतात. ही सगळी द्रव्यं मेंदूतल्या एकाच प्रकारच्या रिसेप्टरांवर, म्हणजे पेशींवरच्या ग्राहक जागांवर, जाऊन बसतात. या रिसेप्टरांचा शोध १९७३मध्ये अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी लावला. दोनच वर्षांनी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या शास्त्रज्ञांना मेंदू स्वतःच तयार करत असलेली वेदनाशामकं सापडली. त्यांच्यासाठी असलेली जागा अफू बळकावते. वेदना थांबते, सुख वाटतं. पण हेच रिसेप्टर मेंदूच्या देठातही असतात आणि श्वासाची लय तिथून चालते. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की एरवी हा भाग श्वासाची गती वाढवतो. अफूच्या अमलाखाली तो इशाराच त्याला जाणवेनासा होतो. माणूस झोपतो, श्वास मंदावत जातो आणि थांबतो.

दुसरी गोष्ट सवयीची. रोज घेणाऱ्याला तेवढ्याच सुखासाठी मात्रा वाढवावी लागते. बंद केलं की अंगदुखी, उलट्या, जुलाब, झोप उडणं असा त्रास सुरू होतो. व्यसनी मुलं त्याला ‘टर्की’ म्हणतात. काही आठवडे नशा थांबली की शरीराची ही सवय मोडते. त्यानंतर पूर्वीचीच मात्रा घेतली तर ती प्राणघातक ठरू शकते. म्हणून उपचार घेऊन परतलेल्या तरुणाला सर्वांत जास्त जपावं लागतं.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१९ ते २०२१ या काळात अतिमात्रेने झालेल्या किशोरवयीन मुलांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. जवळपास दोनतृतीयांश घटनांत आसपास कुणीतरी होतं. तरीही बहुतेक वेळा मदत मिळाली नाही. कुणी दुसऱ्या खोलीत होतं, कुणाला काय घडतंय तेच कळलं नाही. ही मुलं वाचू शकली असती!

उत्तर माहीत होतं. नॅलॉक्झोन नावाचं औषध त्याच रिसेप्टरांवरून अफूला हुसकावतं आणि दोन-तीन मिनिटांत श्वास परत येऊ लागतो. नाकात मारायच्या त्याच्या फवाऱ्याला अमेरिकेत २०१५मध्ये मान्यता मिळाली, २०२३पासून तो चिठ्ठीशिवाय मिळतो. सप्टेंबर २०२२मध्ये लॉस एंजेलिसच्या एका शाळेत १५ वर्षांची मुलगी नकली गोळीने दगावली. त्यानंतर तिथल्या सर्व शाळांत हा फवारा ठेवण्याचा निर्णय झाला आणि पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांनाही तो जवळ बाळगण्याची मुभा मिळाली. नशेपासून दूर राहणं सर्वांत सुरक्षित, हे सांगूनच संकटात काय करायचं तेही शिकवणारे अभ्यासक्रम आता वापरात आहेत.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. ऐंशीच्या दशकात गर्दने, म्हणजे अशुद्ध हेरॉइनने, शहरांतली कोवळी पोरं गिळली. लेखक अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक बळ दिलं आणि १९८६मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूजन्य पदार्थ घेतात. त्यांत कोडीनचं कफ सिरप आणि ट्रामाडोलच्या गोळ्याही येतात. औषधाच्या दुकानातली वस्तू घातक कशी असेल, हा समज मुलांच्या मनातून काढायला हवा. त्यासाठी विज्ञानाच्या तासाइतकी योग्य जागा नाही.

त्या तासात खुणाही शिकवाव्यात. हलवूनही जाग न येणं, टाचणीच्या टोकाएवढ्या डोळ्यांच्या बाहुल्या, निळसर ओठ, घशातून घरघर, मंद किंवा थांबलेला श्वास. यांतलं काही दिसलं तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून सोडून जाऊ नये. आपल्याकडे नॅलॉक्झोन मुख्यतः रुग्णालयात इंजेक्शनच्या रूपात असतं, म्हणून आधी १०८ला फोन करावा आणि काय घेतलं ते खरं सांगावं. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावं. थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यावा. व्यसनातून बाहेर पडू इच्छिणाऱ्यांसाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देणारं ६४-अ हे कलमही १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे. पोलिसांच्या भीतीने गप्प बसणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना हे दोन्ही शाळेतूनच कळायला हवं.