चार तारा आणि रोजची पंधरा मिनिटे

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातले राणीसावरगाव ओळखले जाते ते रेणुकादेवीमुळे. रेणुका आणि तुळजाभवानी यांच्या नावाने मराठवाड्यात गोंधळ घातला जातो. गोंधळ्यांच्या मेळ्यात संबळाच्या जोडीला असते ते तुणतुणे. लाकडी नळकांडे, त्याच्या तळाला चामडे, बाजूला उभी काठी, वर एक खुंटी आणि एकच तार. गाणाऱ्याला आधाराचा सूर आणि ठेका, दोन्ही या एका तारेवर मिळतात. गाण्याला साथ करायला वाद्य मोठे किंवा महागडे लागत नाही, हे या भागाला वेगळे सांगायला नको.

आता तशाच आटोपशीर घडणीचे, पण चार तारांचे एक वाद्य मोबाइलच्या पडद्यावरून घराघरांत पोहोचले आहे. ते म्हणजे युकुलेले. ऑनलाइन मागवले की ते घरपोच येते, गुरू मात्र त्याच्याबरोबर येत नाही. तालुक्याच्या गावी हार्मोनियम, तबला, पखवाज शिकवणारे भेटतात. युकुलेले शिकवणारे भेटतीलच असे नाही. अशा वेळी चाळिशी-पन्नाशीतल्या हौशी माणसापुढे दोन प्रश्न उभे राहतात. या वयात हात वळेल का? आणि चुकले तर सांगणार कोण? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मेंदूविज्ञानाने बऱ्यापैकी दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर खिशातल्या मोबाइलमध्येच आहे.

पिसवेच्या नावाचे वाद्य

युकुलेले हवाई बेटांचे म्हणून प्रसिद्ध असले तरी त्याचे मूळ पोर्तुगालच्या मदैरा बेटावर आहे. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज उसाच्या मळ्यांवर काम करणारे मदैराचे मजूर घेऊन होनोलुलूला लागले. त्यात लाकूडकाम जाणणारे तीन कारागीरही होते. त्यांच्या गावाकडच्या छोट्या गिटारसारख्या वाद्यापासून हे नवे वाद्य घडले. राजा कालाकौआ याने त्याला राजाश्रय दिला. ‘युकुलेले’ या शब्दाचा अर्थ सहसा ‘उड्या मारणारी पिसू’ असा सांगितला जातो. वाजवणाऱ्याची बोटे तशी भराभर उड्या मारतात, म्हणून हे नाव.

नवशिक्याला ते सोपे जाते, यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. सर्वात लहान, म्हणजे सोप्रानो युकुलेलेची कंप पावणारी तार साधारण ३५ सेंटीमीटर लांब असते. तारा नायलॉनच्या आणि कमी ताणाच्या असल्याने त्या दाबायला गिटारच्या पोलादी तारांइतका जोर लागत नाही. पहिला पडदा सुमारे २ सेंटीमीटरवर येतो. बारावा पडदा बरोबर मध्यावर असतो, आणि तिथे तार निम्मी झाल्याने स्वर दुप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे वरच्या सप्तकातला होतो. बोटांना फार ताणावे लागत नाही.

चार मोकळ्या तारा वरून खाली जी, सी, ई, ए अशा लावतात. सी म्हणजे पांढरी एक. तिला षड्ज मानले तर या तारा होतात प, सा, ग, ध. पैकी सा, ग आणि प यांची कंपने सेकंदाला सुमारे २६२, ३३० आणि ३९२ असतात. हे प्रमाण ४:५:६ च्या अगदी जवळ जाते आणि अशी साधी प्रमाणे कानाला गोड लागतात. शेवटच्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर एक बोट ठेवले की धैवताच्या जागी वरचा षड्ज येतो आणि सी ही कॉर्ड तयार होते. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारा स्वरांचा गुच्छ. एका बोटाने पहिली कॉर्ड मिळते, म्हणून पहिल्या दिवशीच काहीतरी ‘वाजल्या’चे समाधान लाभते. छंद टिकायला ते फार महत्त्वाचे.

वय आड येते का?

१९९५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जर्मनीतील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांना प्रतिसाद देणारा भाग इतरांपेक्षा विस्तारलेला आढळला. लहानपणी सुरुवात केलेल्यांत हा फरक जास्त ठळक होता. मग मोठ्यांनी आशा सोडायची का? तर नाही. २००४ मध्ये ‘नेचर’मधील एका अभ्यासात प्रौढांना तीन चेंडू हवेत झेलत ठेवण्याची कसरत शिकवली गेली. तीन महिन्यांनी त्यांच्या मेंदूतील हालचाल टिपणाऱ्या भागात वाढ दिसली. सराव थांबवल्यावर ती बरीचशी ओसरली. पुढे साठीच्या आसपासच्या लोकांतही असाच बदल नोंदवला गेला. म्हणजे मेंदूची घडण वयाने थिजत नाही, पण सराव सोडला की मिळवलेले निसटते.

सराव किती करावा, यापेक्षा कसा वाटून घ्यावा हे महत्त्वाचे. रविवारी एका बैठकीत दोन तास घालवण्यापेक्षा रोज पंधरा-वीस मिनिटे वाजवणे अधिक लाभते. विसरायला थोडा अवधी मिळाला, की पुन्हा आठवताना शिकलेले पक्के होते. बोटांच्या हालचालींचा क्रम झोपेतही मेंदूत मुरतो. २००२ च्या एका प्रयोगात रात्रीच्या झोपेनंतर, मध्ये काहीही सराव न करता, बोटांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला दिसला. संध्याकाळी अडलेली जागा सकाळी सहज निघते, हा वादकांचा अनुभव त्यामुळे उगाच नाही.

मात्र ‘वाद्य शिका आणि बुद्धी वाढवा’ अशा जाहिरातींना भुलू नये. मुलांवरील ५० हून अधिक अभ्यासांचा २०२० मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला. काटेकोर रचनेच्या अभ्यासांत संगीत शिकल्याने बुद्धिमत्ता किंवा शाळेतले गुण वाढल्याचे दिसले नाही. पंच्याहत्तरीपुढच्या ४६९ जणांवरील अमेरिकेतील २००३ च्या अभ्यासात वाद्य वाजवणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. पण वाद्यामुळे आजार टळला, की मेंदू धडधाकट असल्याने वाद्य वाजवणे जमत राहिले, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. वाद्य शिकल्याने खात्रीने मिळते ते वाद्यच. आनंद हा त्याचा पुरेसा मोबदला आहे.

गाणे बसवताना

ओळखीचे मराठी गाणे युकुलेलेवर बसवायचे, तर पहिली गोष्ट पट्टीची. गळा काळी एकमध्ये गात असेल, तर पहिल्या पडद्यावर कॅपो नावाचा चिमटा लावावा. बोटांच्या जागा पांढरी एकच्याच राहतात आणि स्वर अर्ध्या सुराने चढतो. दुसरी गोष्ट स्वरांच्या मर्यादेची. नेहमीच्या जुळणीत सर्वात खालचा स्वर मोकळ्या सी तारेचा. षड्ज तिथे धरला तर मंद्र सप्तकातले स्वर या वाद्यावर नाहीतच. चाल खाली उतरत असेल, तर षड्ज वर सरकवावा किंवा चाल गळ्यावर सोपवून वाद्याने फक्त साथ करावी.

तिसरी गोष्ट रागाची. गाण्यात कोमल गंधार असेल आणि हाताखाली शुद्ध गंधाराची कॉर्ड वाजली, तर दोन्ही स्वर एकमेकांशी भांडतात. तिथे सी मायनर घ्यावी. कॉर्ड काहीच सुचत नसेल तर नुसते सा-प छेडावेत. तुणतुणे तर एकाच सुरावर अख्खे गाणे पेलते. तालासाठी हात खाली-वर असा चार वेळा फिरवला की केहरव्याच्या आठ मात्रा भरतात, तीन वेळा फिरवला की दादऱ्याच्या सहा.

कानांचा आरसा

वाजवताना मेंदू बोटे, शब्द आणि ताल यांत इतका गुंतलेला असतो की चुका ऐकायला त्याला उसंत नसते. म्हणून ध्वनिमुद्रण. पहिल्यांदा स्वतःचे गाणे ऐकून बहुतेकांना ओशाळल्यासारखे होते. एरवी स्वतःचा आवाज हवेबरोबरच कवटीच्या हाडांतूनही कानाला मिळतो आणि भारदस्त भासतो. मुद्रणात हाडांचा हा वाटा नसतो. आवाज बिघडलेला नसतो, इतरांना तो रोज तसाच ऐकू येतो.

मोबाइल साधारण हातभर अंतरावर ठेवावा. जितका दूर, तितका भिंतींवरून परतणारा आवाज जास्त मिसळतो. गाद्या, गोधड्या, कपड्यांची दांडी असलेली खोली उत्तम, कारण कापड प्रतिध्वनी शोषते. पंखा बंद ठेवावा. आधी साथ आणि मग त्यावर गाणे असे थर चढवायचे असतील, तर तारेचा इअरफोन वापरावा. ब्लूटूथमध्ये आवाज काही क्षण उशिरा पोहोचतो आणि ताल हुकतो.

ऐकताना सगळ्या चुका एकदम पकडायला जाऊ नये. एकदा फक्त लय ऐकावी, एकदा फक्त कॉर्ड बदलण्याच्या जागा. जिथे अडखळते तेवढाच तुकडा दुसऱ्या दिवशी निम्म्या गतीने घ्यावा.

हात आणि कान सांभाळा

सुरुवातीला बोटांची टोके दुखतात. काही आठवड्यांत तिथली त्वचा जाड होते आणि दुखणे थांबते. मात्र मनगटात किंवा अंगठ्याच्या बुडाशी कळ येत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर थांबावे आणि त्रास राहिल्यास डॉक्टरांना दाखवावे. डाव्या अंगठ्याने मान आवळून धरणे हे त्यामागचे नेहमीचे कारण. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेल्यांनी टोकांना चीर किंवा फोड नाही ना, हे रोज पाहावे.

युकुलेलेचा आवाज नाजूक. कानाला धोका असतो तो इअरफोनचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, तर ९० डेसिबलचा फक्त ४ तास. वाद्यालाही जपावे लागते. परभणीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. कोरड्या हवेत लाकूड आकसते आणि तडकते, तेव्हा पत्र्याखाली किंवा बंद गाडीत युकुलेले ठेवू नये. नव्या नायलॉन तारा काही दिवस ताणल्या जातात आणि उतरतात. ते वाद्याचे वैगुण्य नाही, पुन्हा पुन्हा सुरात लावणे हाच त्यावर उपाय.

प्रत्येक मुद्रणावर तारीख घालून ते जपून ठेवावे. रोजच्या रोज ऐकताना प्रगती जाणवत नाही आणि नेमक्या याच टप्प्यावर बरीच वाद्ये भिंतीवर टांगली जातात. तीन महिन्यांपूर्वीचे तेच गाणे आजच्या गाण्यापाठोपाठ ऐकले की फरक कुणी सांगावा लागत नाही.