टिकमार्क खरं कधी बोलतो?

लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्यांच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक इवलीशी ढाल असते. तिच्यावर टिकमार्क असला की सगळं अद्ययावत, ठिपका उमटला की नवीन अपडेट्स आली. बस, एवढंच. पण त्या संगणकावर दोन हजारांच्या आसपास पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, सहज असतात. ती वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली, आपापल्या गतीनं बदलणारी. त्या सगळ्यांची एकत्रित अवस्था नखाएवढ्या चित्रात सांगायची आणि ती खरीही असली पाहिजे! हे काम किती अवघड आहे हे कळलं की त्या ढालीकडे पुन्हा तशा सहज नजरेनं बघवत नाही.

पहिला प्रश्न: सगळं अद्ययावत आहे हे संगणकाला कळतं कुठून? मिंट, उबुंटू, डेबियन या कुटुंबात ‘ॲप्ट’ नावाची व्यवस्था सर्व्हरवरून आधी एक यादी उतरवून घेते: कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती उपलब्ध आहे, याची. मग आपल्याकडच्या आवृत्त्या त्या यादीशी ताडून पाहते. म्हणजे टिकमार्क जे सांगतो ते आत्ताचं नसतं, शेवटची यादी आली त्या क्षणाचं असतं. आठवडाभर इंटरनेट नसेल तर जुन्या यादीनुसार सगळं झकास दिसेल आणि बाहेर दहा दुरुस्त्या येऊन पडलेल्या असतील. म्हणून ‘शेवटची तपासणी कधी’ ही बारीक अक्षरांतली ओळ फार मोलाची. टिकमार्कवर विश्वास किती ठेवायचा, ते ती ओळ ठरवते.

डेबियनच्या मंडळींनी हा विचार आणखी पुढे नेला आहे. समजा, मधल्या कुणी बदमाशानं तुमच्या संगणकाला मुद्दाम महिनाभर तीच जुनी यादी पुरवली तर? यादीवरची डिजिटल सही अस्सलच असेल, फक्त यादी शिळी. म्हणून डेबियनच्या सुरक्षा-अपडेट्सच्या यादीवर सहीबरोबर मुदतीची तारीखही असते. ती उलटली की ॲप्ट यादी नाकारतं आणि तसं सांगतं. आपल्याला काही माहीत नाही हे यंत्राला कळावं, याची ही सोय!

आता प्रत्यक्ष अपडेट सुरू झालं असं धरू. डाउनलोड होताना एकूण आकार आधीच ठाऊक असतो, त्यामुळे टक्केवारी बऱ्यापैकी खरी असते. पुढे पॅकेज उलगडून फाइल्स जागेवर ठेवायच्या, मग प्रत्येकाची मांडणी करायची. या मांडणीत छोट्या स्क्रिप्ट चालतात. एखादी क्षणात संपते, एखादी कर्नलसाठी, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यासाठी, अख्खी फाइल नव्यानं बांधते. कुणाला किती वेळ लागेल हे आधी कळायला मार्ग नाही. प्रगती दाखवणारी पट्टी ९० टक्क्यांवर अडकून बसते ती अशा ठिकाणी.

मग अशी पट्टी दाखवायचीच कशाला? १९८५ मध्ये ब्रॅड मायर्स या टोरांटो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यानं हे तपासून पाहिलं. पट्टी अचूक नसली तरी लोकांना ती हवीच होती. काहीच न दिसण्यापेक्षा ती बरी वाटत होती. पुढे क्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की शेवटाकडे वेग घेणारी पट्टी लोकांना लवकर संपल्यासारखी वाटते आणि शेवटी थबकणारी फार रेंगाळल्यासारखी. वेळ तोच, अनुभव निराळा. पण इथेच डिझाइन करणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची कसोटी लागते. अंदाज नसेल तर खोटी टक्केवारी रंगवण्यापेक्षा ‘३१ पैकी १२ वं पॅकेज: मांडणी सुरू’ अशी ओळ जास्त धीर देते. किती वेळ लागेल हे ती सांगत नाही, पण काम चालू आहे आणि कुठवर आलं आहे हे नक्की सांगते.

आणि ऐन मांडणीत वीज गेली तर? डेबियनच्या पोटातलं ‘डीपीकेजी’ हे साधन प्रत्येक पॅकेजची अवस्था एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये नोंदवत असतं. टर्मिनलमध्ये त्याच्याकडे यादी मागा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन रोमन अक्षरं दिसतील, बहुतेक ठिकाणी ‘आय-आय’. पहिलं अक्षर तुम्हाला काय हवं होतं ते सांगतं, दुसरं प्रत्यक्षात काय आहे ते. ‘आर-सी’ म्हणजे पॅकेज काढून टाकलं, पण त्याच्या सेटिंग्ज शिल्लक आहेत. ‘आय-एफ’ म्हणजे हवं आहे, पण मांडणी अर्धवट राहिली. दुसरं अक्षर कॅपिटल दिसलं की समजायचं, काहीतरी अपुरं आहे. इच्छा आणि वस्तुस्थिती शेजारी शेजारी, फक्त दोन अक्षरांत! वीज परत आली की एका आज्ञेनं काम राहिलं तिथून पुढे सुरू होतं, कारण कुठे राहिलं ते लिहून ठेवलेलं असतं.

सगळ्यात फसवी पायरी मात्र यानंतरची. इन्स्टॉल झालं म्हणजे लागू झालं असं नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीतला ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष जाहीर झाला. त्यातून सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर, अगदी गुप्त किल्ल्याही, बाहेरून काढता येत होत्या. दुरुस्त आवृत्ती लगेच आली. पण लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम चालू असताना त्याची फाइल बदलली, तरी चालू प्रोग्रॅम जुनीच प्रत धरून बसतो. डिस्कवर नवी लायब्ररी, मेमरीत जुनी, भोक तसंच उघडं. म्हणूनच डेबियननं तेव्हा बजावलं होतं की लायब्ररी वापरणाऱ्या सेवा रीस्टार्ट करा. अशा वेळी इन्स्टॉल होताच हिरवा टिकमार्क दाखवणारा अपडेट मॅनेजर धोकाच लपवतो. उबुंटू यासाठी ‘रीबूट आवश्यक’ अशी खूण फाइलच्या रूपात ठेवतं, ती रीबूट होईपर्यंत राहते. व्हॉट्सॲपवर संदेश पाठवला, पोहोचला, वाचला यांना वेगळ्या खुणा असतात. तसंच ‘आलं’, ‘उतरलं’, ‘बसलं’ आणि ‘चालू झालं’ या अपडेटच्या अवस्थाही वेगळ्याच दिसायला हव्यात.

अँड्रॉइडनं २०१६ मध्ये, सातव्या आवृत्तीपासून, या शेवटच्या पायरीवर सुरेख उपाय आणला. अशा फोनमध्ये सिस्टीमच्या दोन जागा असतात. तुम्ही एकीवर काम करत असता तेव्हा अपडेट दुसरीवर लिहिलं जातं. रीस्टार्ट केलं की फोन नव्या जागेवरून सुरू होतो. नाहीच झाला तर जुनीवर परततो. मग वापरणाऱ्याला सांगायचं उरतं एकच: तयार आहे, रीस्टार्ट करा.

रंगाचाही असाच नेमका वापर होऊ शकतो. क्रोम ब्राउझरमध्ये प्रलंबित अपडेटची खूण दोन दिवसांपेक्षा ताजी असेल तर हिरवी, चारेक दिवसांची झाली की केशरी, आठवडा उलटला की लाल. रंग इथे अपडेटचं वय सांगतो. पण लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारे पुरुष युरोपात साधारण १२ मध्ये १ आहेत. म्हणून वेबच्या सुलभतेचे नियम स्पष्ट सांगतात की अर्थ केवळ रंगावर सोडू नका. जोडीला आकार किंवा शब्द हवा.

उत्तम खुणेनं तीन प्रश्नांची उत्तरं द्यावीत: हे कधीचं ज्ञान आहे, काम कुठवर आलं आहे, आणि आता मला काय करायचं आहे. तिन्ही देणारा अपडेट मॅनेजर माणसाला शहाणा मानतो. आणि ज्याला काय चाललंय ते कळतं, तो अपडेट पुढे ढकलत नाही. संगणक सुरक्षित राहतो तो शेवटी त्या माणसाच्या या निर्णयामुळे.