तारीख ठरलेला संप

आग, अतिवृष्टी किंवा बाजारातील मंदी व्यापाऱ्याला सांगून येत नाही. अमेरिकेच्या मोटार उद्योगातील संप मात्र पंचांगात लिहिलेल्या ग्रहणासारखा असतो. त्याचा संभाव्य दिवस आणि घटका आधीच ठाऊक असते. तेथे कंपनी आणि कामगार संघटना यांच्यात ठराविक मुदतीचा लेखी करार होतो. मुदत संपेपर्यंत नवा करार झाला नाही, तर कामगार काम थांबवू शकतात. जनरल मोटर्स, फोर्ड आणि जीप गाड्या बनवणारी स्टेलांटिस या तिन्ही कंपन्यांचे 'युनायटेड ऑटो वर्कर्स' या संघटनेशी झालेले करार १४ सप्टेंबर २०२३ च्या मध्यरात्री संपणार होते. दिवस ठाऊक असलेल्या या संकटाची तयारी कंपन्यांनी कशी केली आणि ती कितपत उपयोगी पडली, हे पेढी सांभाळणाऱ्या कुटुंबांनी जाणून घेण्यासारखे आहे.

पहिली तयारी अर्थातच मालाची. मुदत जवळ आली की अधिक खपाच्या आणि अधिक नफ्याच्या गाड्या, म्हणजे तिकडचे मोठे पिकअप ट्रक, विक्रेत्यांच्या आवारात जमू लागतात. सुमारे साठ दिवसांच्या विक्रीस पुरेल एवढा साठा हा या धंद्यातील जुना दंडक आहे. पण येथे एक बारकावा आहे. गाडी कारखान्यातून विक्रेत्याकडे रवाना झाली की कंपनीच्या वहीत ती विक्री म्हणून जमा होते. त्यामुळे आवारातील साठा संपकाळात विक्रेत्याची दुकानदारी चालू ठेवतो आणि ग्राहकाला प्रतिस्पर्ध्याच्या दारी जाऊ देत नाही. कंपनीची स्वतःची आवक मात्र जुळणीचा पट्टा थांबला त्याच दिवसापासून आटते. साठ्याने अब्रू राखली जाते, रोकड नव्हे.

म्हणून रोकडीची तजवीज वेगळी करावी लागते. फोर्डने ऑगस्ट २०२३ मध्ये ४०० कोटी डॉलरच्या कर्जाची सोय करून ठेवली. जनरल मोटर्सने संप सुरू झाल्यावर, ऑक्टोबरमध्ये, ६०० कोटी डॉलरची सोय केली. समोरच्या बाजूचीही वही तयार होती. संघटनेच्या संप निधीत ८२ कोटी ५० लाख डॉलर होते आणि संपावरील प्रत्येक कामगाराला आठवड्याला ५०० डॉलर मिळणार होते. तिन्ही कंपन्यांतील सुमारे १ लाख ४६ हजार कामगार एकाच वेळी बाहेर पडले असते, तर दर आठवड्याला ७ कोटी ३० लाख डॉलर खर्च झाले असते आणि निधी अकरा आठवड्यांत संपला असता. हा भागाकार दोन्ही पक्षांना करता येत होता.

तिसरी तयारी माणसांची. फोर्डने कार्यालयातील पगारदार कर्मचाऱ्यांना सुट्या भागांच्या गोदामांत काम करण्याचे शिक्षण दिले. नवी गाडी घेणारा ग्राहक महिनाभर थांबू शकतो. पण ज्याची गाडी बिघडून उभी आहे, तो थांबत नाही, आणि त्याचा राग कंपनीच्या नावावर जमा होतो.

एवढी तयारी असूनही कंपन्यांना एक गोष्ट कळली नव्हती: आघात कोठे होणार? संघटनेचे अध्यक्ष शॉन फेन यांनी मुदत संपण्यास सुमारे दोन तास उरले असताना केवळ तीन कारखान्यांची नावे जाहीर केली. सुमारे १३ हजार कामगार बाहेर पडले, बाकीचे कामावर राहिले. निधीचा भागाकारच बदलला. तिन्ही कंपन्यांवर एकाच वेळी संप होण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. आठवडाभराने जनरल मोटर्स आणि स्टेलांटिस यांची सुट्या भागांची ३८ गोदामे बंद पडली. बोलणी पुढे सरकल्यामुळे फोर्डची गोदामे त्या वेळी वगळली गेली. ११ ऑक्टोबरला फोर्डने बैठकीत जुनाच प्रस्ताव पुढे ठेवला, तेव्हा वर्षाला २,५०० कोटी डॉलरचे उत्पन्न देणाऱ्या केंटकीच्या ट्रक कारखान्यातील ८,७०० कामगार त्याच दिवशी बाहेर आले. दोन आठवड्यांत फोर्डचा समझोता झाला.

तयारीच संपाला कारण ठरल्याचे उदाहरणही याच उद्योगात आहे. १९९८ च्या मे महिन्याच्या अखेरीस, सुटीच्या दिवसांत, जनरल मोटर्सने मिशिगनमधील फ्लिंट येथील कारखान्यातून नव्या ट्रकचे पत्रे घडवणारे साचे हलवून ओहायोत नेले. फ्लिंटमध्ये काम थांबले तरी उत्पादन अडू नये, हा हेतू. कामगारांनी त्याचा अर्थ 'कारखानाच नेत आहेत' असा घेतला. ५ जूनला तेथे संप सुरू झाला; सहा दिवसांनी त्याच गावातील सुट्या भागांचा दुसरा कारखाना बंद पडला. या दोन ठिकाणचे कामगार जेमतेम ९,२०० होते. पण त्यांचे भाग न मिळाल्याने उत्तर अमेरिकेतील कंपनीचे जवळजवळ सर्व जुळणी कारखाने थांबले. ५४ दिवसांनी समझोता झाला आणि साचे फ्लिंटला परत आणावे लागले. कंपनीला २०० कोटी डॉलरहून अधिक फटका बसला. तो दोन ट्रक साच्यांच्या भाड्यात टळला असता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. फ्लिंटमधील गुंतवणुकीचा वाद जुना होता. तरीही ठिणगी त्या साच्यांनीच टाकली.

या साऱ्यात ज्यांच्याकडे ना संप निधी असतो ना कोट्यवधींचे कर्ज, ते म्हणजे लहान पुरवठादार. आसने, तारांचे जोड, प्लॅस्टिकचे भाग हे 'लागेल तेव्हा, लागेल तेवढे' या पद्धतीने रोज पोचवले जातात. कारखाना थांबला की मागणी त्याच दिवशी थांबते. बँकेचा हप्ता थांबत नाही, आणि घरी पाठवलेला कसबी कारागीर परत येईल याची शाश्वती नसते. वाटाघाटीच्या मेजावर त्यांना खुर्चीही नसते.

ऑक्टोबरच्या अखेरीस तिन्ही करार झाले. मूळ वेतनात टप्प्याटप्प्याने २५ टक्के वाढ मिळाली. नव्या कामगाराला सर्वोच्च वेतन गाठण्यास आठ वर्षे लागत, ती तीनवर आली. २००९ च्या मंदीत कामगारांनी सोडलेला महागाई भत्ताही परत मिळाला. संपाने फोर्डचे १७० कोटी आणि जनरल मोटर्सचे ११० कोटी डॉलर गेले. या करारांची मुदत संघटनेने जाणूनबुजून ३० एप्रिल २०२८ च्या मध्यरात्रीपर्यंत ठेवून घेतली आहे. म्हणजे नवा करार न झाल्यास पुढचा संप १ मे रोजी, कामगार दिनी, सुरू होऊ शकेल. इतर संघटनांनीही आपले करार त्याच दिवशी संपतील असे पाहावे, असे आवाहन फेन यांनी केले आहे.